एकजीव वर्गातला रोल नंबर एकतीस

मूल गणितात कच्चं आहे की पक्कं, हे त्या मुलाला कळून फारसा उपयोग नसतो. ते कार्यालयाला कळावं लागतं. मुलाला कळलं तर ते फार तर मान खाली घालतं. कार्यालयाला कळलं की तक्ता होतो, तक्त्याचा नकाशा होतो, नकाशाला रंग येतो, आणि रंग आला की शिक्षण झालं असं धरतात.

मी अंबादास, सातवी बचा वर्गशिक्षक आणि गणिताचा शिक्षक. हे निवेदन पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. मूळ पदवी इतिहासाची. (गणिताच्या बाई सात वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. वेळापत्रकात त्यांचे तास रिकामे दिसले आणि स्टाफरूममध्ये मी रिकामा दिसलो.)

निवेदनाआधी एक प्रश्न. तो इथेच का, हे शेवटी कळेल.

प्रश्न : सव्वादोन लिटर दूध आहे. एका पेल्यात तीन अष्टमांश लिटर दूध मावतं. किती पेले भरतील?
उत्तर : ____________
(सोडवून मगच पुढे जावे. घाई नाही.)

आता हकिकत.

आमच्या संस्थेने दोन वर्षांपूर्वी 'गणूभाऊ' नावाचं गणिताचं ॲप घेतलं. ॲप उघडलं की एक गोल चेहऱ्याचा माणूस येऊन मुलाला नावाने हाक मारतो. पुण्याच्या आवृत्तीत त्याला चष्मा आहे. कोल्हापूर जिल्ह्यासाठी त्याला फेटा बांधण्यात आला. स्थानिक गरजा लक्षात घेऊन केलेला हा एकमेव बदल. प्रत्येक मुलाने आठवड्याला वीस गणितं सोडवायची. सोळा बरोबर आली की मूल हिरवं, बारापर्यंत पिवळं, त्याखाली लाल. मुलांच्या रंगावरून वर्गाचा रंग, वर्गावरून शिक्षकाचा.

यासाठी शाळेला बारा टॅब मिळाले. ते दसऱ्याच्या तोंडावर मिळाले, हे त्यांचं दुर्दैव. आमच्याकडे खंडेनवमीला शाळेतल्या सगळ्या यंत्रांची पूजा होते: घंटा, झेरॉक्स मशीन, पाण्याची मोटर. टॅबही मांडले. मुख्याध्यापिका इरावतीबाईंनी प्रत्येकाला श्रद्धेने हळदकुंकू वाहिलं, आणि ते चार्जिंगच्या भोकात गेलं. तीन टॅब जागीच गेले. उरलेले नऊ बाईंनी मूळच्या प्लॅस्टिकसह कपाटात ठेवून कुलूप लावलं, आणि 'टॅबची सद्यस्थिती' या रकान्यात 'सुरक्षित' असं भरलं. शाळेला पहिला हिरवा रंग मिळाला तो या रकान्यात.

मग यंदाच्या जूनमध्ये सूचना आली की मुलांनी घरच्या फोनवर गणितं सोडवावीत. घरचा फोन वडिलांबरोबर कामावर जातो, हे गणूभाऊला माहीत नव्हतं. पहिल्या महिन्यात सातवी ब अशी लाल झाली की नकाशात लांबूनही दिसत असे. पाठोपाठ परिपत्रक: सलग दोन महिने लाल असणाऱ्या शिक्षकास चंदगड शाखेत मार्गदर्शनासाठी पाठवण्यात येईल. (मार्गदर्शन कोणी कोणाला करायचं, हे लिहिलेलं नव्हतं. चंदगडच्या शाखेचा स्वतःचा रंग राखाडी आहे, कारण तिथल्या पावसात नेट राहत नाही. राखाडीवर कोणी रागावत नाही. तिथली मुलं वहीत गणितं करतात, असं ऐकतो.)

सुरुवात मोनापासून झाली. मोना मामाच्या लग्नाला गेली होती. गैरहजेरीमुळे मुलीचं शैक्षणिक नुकसान होऊ नये म्हणून तिची वीस गणितं मी माझ्या फोनवर सोडवली. पासवर्ड सगळ्यांचे माझ्याकडेच होते, कारण ते मीच ठेवले होते. (सर्वांचा एकच.) मग क्रांती आजारी पडली. मग माझ्या लक्षात आलं की जो आजारी नाही आणि ज्याच्या घरी लग्न नाही, त्याच्यावर हा अन्याय होतो आहे. समान संधीचं तत्त्व मी इतिहासात शिकवलेलं आहे.

एकेचाळीस मुलं, प्रत्येकी वीस, म्हणजे आठशे वीस गणितं. एकाला पंधरा सेकंद धरले तर आठवड्याला तीन तास पंचवीस मिनिटं. हे काम मी रविवारी सकाळी मटणाच्या रांगेत करत असे. आमच्या भागात रांग चांगली मोठी असते; नंबर लागेपर्यंत अर्धा वर्ग हिरवा व्हायचा.

"अहो, नंबर आला तुमचा," माझी पत्नी नंदिनी मागून म्हणायची.

"थांब, मोनाचा लसावि राहिलाय."

रांगेतल्या लोकांना सुरुवातीला वाटलं, आमच्या घरात काहीतरी दुखणं आहे.

मी हे काम यांत्रिकपणे केलं, असा आरोप कोणी करू नये. वैयक्तिक लक्ष मी दिलं. क्रांती हुशार, म्हणून तिला अठरा. मागच्या बाकावरच्या मुलांना सोळा, तेही पहिलं गणित चुकवून. सुरुवातीला त्यांचं लक्ष नसतं. स्टाफरूममध्ये याबद्दल कोणाला वावगं वाटलं नाही. खेळाचे पृथ्वीराज सर यांच्याकडे सूर्यनमस्कार मोजणारं ॲप आहे. ते फोन दंडाला बांधून साठ मुलांचे नमस्कार स्वतः घालतात. मुलं सावलीत बसून मोजतात. सरांची तब्येत उत्तम आहे.

एकेचाळीसच का, बेचाळिसावं मूल कुठे गेलं, असं कोणी विचारलं तर उत्तर असं: रोल नंबर एकतीस, स्वप्नाली. तिचे वडील सम्राट शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला आहेत. ते पाळीवरून आले की ती त्यांचा फोन घ्यायची आणि गणितं सोडवून टाकायची. मी रविवारी उघडेपर्यंत तिचं झालेलं असायचं. सुरुवातीला मला हे थोडं उद्धट वाटलं.

आता माझ्या विद्वत्तेविषयी. अपूर्णांकांचा भागाकार करताना एक अपूर्णांक उलटा करून गुणायचं असतं, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. कुठला उलटा करायचा, हे माझ्या गाईडमध्ये ज्या ओळीत लिहिलं होतं ती ओळ पानाच्या दुमडलेल्या कोपऱ्यात गेली होती. सात वर्षांत तो कोपरा मी उघडला नाही. मी पहिला उलटा करायचो. उत्तरसूचीशी जुळलं नाही, तर छपाईची चूक म्हणून सांगायचो. सात वर्षं, दरवर्षी बेचाळीस, म्हणजे दोनशे चौऱ्याण्णव मुलं. (त्यांतली काही आता इंजिनिअरिंगला आहेत. त्यांनी मधे कोणाकडून तरी दुरुस्त करून घेतलं असावं. पूल वगैरे पडल्याचं अजून कानावर नाही.)

ॲपने मला चूक दाखवली नाही का? दाखवली, दर आठवड्याला. पण ती मोनाच्या नावाने दाखवली, क्रांतीच्या नावाने दाखवली. मला वाटायचं, पोरी भागाकारात कच्च्या आहेत.

वर दिलेलं दुधाचं गणित मी ऑगस्टमध्ये फळ्यावर सोडवलं होतं. उत्तर आलं एक षष्ठांश. स्वप्नाली उभी राहिली.

"सर, सव्वादोन लिटर दुधात एक पेलाबी भरंना व्हय?"

वर्ग हसला. मी म्हणालो, "दूध पातळ असेल. बस खाली."

ती बसली. तिने वहीत काहीतरी लिहिलं आणि त्यावर हात ठेवला. तो हात मला अजून दिसतो, पण निवेदनात भावनांना रकाना नाही.

मागच्या गुरुवारी तिमाही अहवाल आला. जसाच्या तसा देतो.

वर्ग : सातवी ब. विद्यार्थी ४२. रंग : हिरवा.
विचारपद्धतीतील साम्य : ९७ टक्के (४१ विद्यार्थी).
समान कमतरता : अपूर्णांकांचा भागाकार. ४१ विद्यार्थी दुसऱ्याऐवजी पहिला अपूर्णांक उलटा करतात.
शेरा : वर्ग एकजीव आहे. शिक्षकाचा प्रभाव खोलवर रुजलेला दिसतो. 'एकजीव वर्ग' सन्मानासाठी शिफारस.
विसंगत नोंद : रोल नंबर ३१. भागाकार बरोबर. वर्गाच्या पद्धतीशी जुळत नाही. नक्कल केल्याचा संशय. रंग लाल. खाते गोठवले.

मी पहिला भाग दोनदा वाचला. शेवटची ओळ नंदिनीने वाचून दाखवली.

खातं गोठणं ही तशी किरकोळ बाब. पण जयसिंगपूरच्या शाखेत संस्थेचा विशेष गणित वर्ग सुरू होतो आहे. दर शनिवार-रविवार, प्रत्येक शाळेतून एक विद्यार्थी. तिथे शिकवणारे सर गाईड न उघडता गणित सोडवतात, अशी त्यांची ख्याती आहे. आमच्या शाळेतून स्वप्नालीचं नाव गेलं होतं. गोठलेल्या खात्याचं मूल आपोआप गळतं. यादी या शुक्रवारी संध्याकाळी पाचला बंद होते.

दुसऱ्या दिवशी सम्राट पाळी संपवून थेट शाळेत आले. अंगावर फौंड्रीची काळी धूळ होती. खुर्ची खराब होईल म्हणून ते उभेच राहिले.

"पोरीनं नक्कल केली म्हणं, सर."

"तसं ॲप म्हणतंय."

"कुणाची?"

"असेल कोणाची तरी वर्गातल्या."

"वर्गात सगळ्यांचं चुकलंय की. तुमच्याच कागदावर लिवलंय. एकेचाळीस जणांचं चुकल्यालं बघून हिनं बरोबर कसं लिवलं, तेवढं सांगा. म्हंजे मी जातो."

मी म्हणालो, ही तांत्रिक बाब आहे.

"आमची बी तांत्रिकच हाय," ते म्हणाले. "एकेचाळीस नग एकसारखं खराब आलं, तर आम्ही नगांना न्हाय बडवत. साचा बघतो. साच्यात खोट असतीया."

त्यांना मी चहा पाजला. जाताना ते दारात थांबले. "कालपास्नं जेवली न्हाय नीट. एसटीचा पास काढून आणलाय तिनं, जयसिंगपूरचा. त्यो माघारी घेत्यात का, विचारत हुती."

यावर मी विचार केला. सत्य सांगणं हा एक मार्ग होता, गप्प बसणं हा दुसरा. पण सन्मानाची शिफारस झालेली असताना सत्य सांगणं शिष्टाचाराला धरून झालं नसतं. माझ्यासारख्या माणसाला अशा वेळी तिसराच मार्ग सुचतो, आणि तो बहुधा पहिल्या दोन्हींपेक्षा वाईट असतो. मला वाटलं, एकेचाळीस मुलांचा भागाकार बरोबर आला की स्वप्नाली विसंगत राहणार नाही. म्हणजे प्रश्न मुळापासून सुटला. फक्त भागाकार मला यायला हवा.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं, म्हटलं, तुझी तोंडी परीक्षा घेतो. (माझ्या सात वर्षांच्या गणितसेवेतली ही सर्वांत उपयुक्त परीक्षा.)

"दुधाचं गणित. सांग कसं केलंस."

"भागायचं म्हंजे यात त्ये किती वेळा बसतंय, त्येवढंच, सर. अर्ध्या लिटरात पाव लिटर किती वेळा बसतंय? दोनदा. मग सव्वादोनमधी तीन अष्टमांश किती वेळा बसतंय ते बघायचं. नऊ चतुर्थांश गुणिले आठ तृतीयांश. सहा."

"पण पहिला उलटा करायचा ना?"

"पहिला म्हंजे दूध की, सर." तिने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. "दूध कशाला उलटं करताय? सांडंल. पेला उलटा करायचा."

मी 'बरोबर' असं म्हणालो, म्हणजे परीक्षकाने म्हणावं तसं. घरी जाऊन गाईडचा कोपरा उघडला. तिथे तेच लिहिलं होतं, दुधाशिवाय.

रविवारी रांगेत मी एकेचाळीस मुलांचे भागाकार बरोबर केले. आयुष्यात प्रथमच गणितात मजा आली. मटण राहिलं, नंबर कधी येऊन गेला कळलं नाही.

सोमवारी अहवाल आला.

समान कमतरता : नाही. ४१ विद्यार्थ्यांची कमतरता एका दिवसात दूर. (जिल्ह्यात विक्रम.)
रोल नंबर ३१ चे उर्वरित वर्गाशी साम्य : ९७ टक्के.
निष्कर्ष : नक्कल सिद्ध.

मी संस्थेच्या प्रगती समन्वयकांना फोन लावला. मोहित त्यांचं नाव. वय पंचवीसच्या आत, अत्यंत नम्र.

"मोहित सर, आधी ती वेगळी होती म्हणून संशय. आता सारखी आहे म्हणून सिद्ध. मग तिने असावं तरी कसं?"

"सर, सिस्टीम बहुमत बघते. एका मुलीने एकेचाळीस जणांची कॉपी केली, हे शक्य आहे. एकेचाळीस जणांनी एकीची केली, हे संख्याशास्त्रात बसत नाही."

"आणि तसंच झालं असेल तर?"

"तर सर, एकेचाळीसच्या एकेचाळीस जणांमागे एकच माणूस असायला पाहिजे." तो हसला. मीही हसलो. दोघांपैकी एकच जण विनोदावर हसत होता.

मंगळवारी वर्गशिक्षकाच्या अभिप्रायाचा नमुना आला. त्यात दोनच पर्याय होते: (अ) विद्यार्थिनीने जाणूनबुजून नक्कल केली. (आ) विद्यार्थिनीने नकळत नक्कल केली. मी नमुना छापून घेतला आणि खाली पेनने तिसरा पर्याय काढला: (इ) बाकीचे एकेचाळीस मीच आहे. त्यावर बरोबरची खूण केली आणि तो इरावतीबाईंच्या टेबलावर ठेवला.

बाईंनी चष्मा काढून पुसला.

"अंबादास, तुम्ही इतिहासाचे शिक्षक ना? मग इतिहासजमा व्हायची एवढी काय घाई?"

"ती खरंच सोडवते, बाई. तिने मला शिकवलं."

"ते मला ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "सगळ्यांना ठाऊक आहे. पण पेनचा पर्याय ॲप घेत नाही." त्यांनी कपाटाकडे पाहिलं, जिथे नऊ टॅब सुरक्षित आहेत. मग म्हणाल्या, "हे असं कागदी निवेदन संस्थेला पाठवता येतं. साक्षीदाराची सही लागते. स्टाफमधला चालत नाही. आणि चालला असता तरी, इथे कोणाचा अंगठा स्वच्छ आहे?"

दाराशी उभ्या पृथ्वीराज सरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि त्याच आविर्भावात ते मैदानात नमस्कार घालायला गेले.

साक्षीदाराच्या अटी तीन आहेत. त्याने शाळेचा पगार घेतलेला नसावा. निवेदन सुरुवातीपासून वाचलेलं असावं. आणि निवेदनातलं गणित स्वतः, कोणाचं न बघता सोडवलेलं असावं, म्हणजे त्याला विषय कळतो याची खात्री होते. तिन्ही अटींत बसणारी एक व्यक्ती माझ्या ओळखीची आहे. पण तिच्यावरच आरोप आहे, त्यामुळे तिची सही चालत नाही.

म्हणून हे निवेदन तुमच्याकडे आलं. आज गुरुवार.

पहिल्या दोन अटी तुम्ही पूर्ण केल्यात, याबद्दल आभार. तिसरी तपासायला मी वर जाऊन आलो. 'उत्तर' या शब्दापुढची रेघ रिकामी आहे. घाई नाही असं लिहिलं होतं, तरी तुम्ही पुढे आलात. आणि मधे स्वप्नालीने सहा म्हटलं तेव्हा मान डोलावलीत, जणू तुमचंही सहाच आलं होतं. मी परीक्षकासारखा 'बरोबर' म्हणालो होतो ना, तशीच. नक्कल कोणी कोणाची केली, हा प्रश्न संस्थेपुढे आहेच. तुमचं नाव मी त्यात घालत नाही.

उलट, तुमचं नुकसान होऊ नये म्हणून रेघेवर सहा मी लिहून टाकलं आहे. वेळ लागला पंधरा सेकंद. सवय आहे.

साक्षीदार म्हणून आता तुमचा उपयोग नाही, पण वाया कोणी जात नाही. यादी बंद झाली की गोठलेलं खातं ॲपच्या पटावरून निघतं; म्हणजे सातवी बमधली एक जागा रिकामी होईल आणि पट तर बेचाळीसचा दाखवावा लागतो. खिडकीजवळची जागा आहे, उजेड चांगला येतो. तिथे तुमचं नाव घातलं आहे.

रोल नंबर : ३१. रंग : हिरवा. उर्वरित वर्गाशी साम्य : ९७ टक्के.
शेरा : वर्ग एकजीव आहे.